दहापैकी किती

११ एप्रिल, शनिवार. सकाळी दहाला दौंडच्या केंद्राचं कुलूप काढलं आणि रणपिसे सिस्टरांचं कपाट रिकामं करायला घेतलं. सिस्टर जाऊन महिना झाला होता. सोमवारी नव्या समुपदेशक बाई रुजू होणार होत्या, त्यांना कपाट लागणार होतं. किल्ली माझ्याकडे होती, तेव्हा काम माझंच होतं.

कपाटात रक्तदाब मोजायचं यंत्र निघालं. पांढरे कॅनव्हासचे बूट निघाले. बिनसाखरेच्या बिस्किटांचे दोन पुडे आणि त्यांच्यामागे स्टीलच्या डब्यात गूळ. सिस्टरांना पंधरा वर्षं मधुमेह होता. खालचा सगळा कप्पा चिठ्ठ्यांनी भरलेला. जुन्या कॅलेंडरची पानं कापून केलेल्या चिठ्ठ्या, पुढच्या बाजूला छापील तारखा आणि मागे पेनानं लिहिलेला एकेक आकडा. चार-चार चिठ्ठ्यांची जुडी, तीही दवाखान्यातल्या पट्टीच्या कापडानं बांधलेली. बाहेर कॉलनीत चौदा तारखेच्या जयंतीचा मंडप उभा राहत होता आणि माईकवाला दर पाच मिनिटांनी हॅलो हॅलो करत होता. मी खुर्ची ओढली आणि एकेक जुडी सोडायला लागले.

वत्सला रणपिसे रेल्वेच्या दवाखान्यात तेहतीस वर्षं नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर आमच्या सल्ला केंद्रात आल्या. केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि मधे एक दार. नवरा-बायकोची भांडणं पोलिसात किंवा कोर्टात जाण्याआधी आमच्याकडे येतात. सोमवार ते गुरुवार दौंड, शुक्रवारी आम्ही दोघी शिरूरच्या शाखेत. मी नोंदी ठेवते, पत्रं लिहिते, तारखा देते. समुपदेशन माझं काम नाही. पण बारा वर्षं माझं टेबल त्या मधल्या दाराशी आहे, त्यामुळे ऐकू सगळं येतं.

सिस्टर बुटक्या होत्या आणि चांगल्या रुंद. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. कुणी नमस्कार केला की त्या त्याचा हात हातात घेत आणि बोलता बोलता नाडी बघत. समोरच्याला वाटे, काय प्रेमळ बाई आहे. मला नंतर सांगत, "एकशे दहा पळतीय. हसत हुता, पण घाबरलाय." सल्ला द्यायच्या नाहीत. सल्ला केंद्रात बसून सल्ला देत नाही म्हणून संस्थेच्या साहेबांनी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "साहेब, सल्ला देणारी माणसं ह्यांच्या घरात ढीगभर हायत. त्यांच्यामुळंच तर हे हितं आलेत."

त्यांची एकच रीत होती, दवाखान्यातून आणलेली. तिथं पेशंटला विचारायचे, दुखणं दहापैकी किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. सिस्टरांनी ते जोडप्यांना लावलं. नवरा एका खोलीत, बायको दुसऱ्या. बायकोनं चिठ्ठीवर स्वतःच्या त्रासाचा आकडा लिहायचा. पलीकडे नवऱ्यानं लिहायचं, तिचा त्रास किती असेल. मग उलट: त्याचा त्रास त्यानं लिहायचा आणि तिनं अंदाज करायचा. चार चिठ्ठ्या झाल्या की दोघांना एकत्र बसवून टेबलावर मांडायच्या. जेवढा फरक, तेवढं आजारपण. "दुखणं दिसत न्हाई, मंगल," त्या मला म्हणायच्या, "आकडा दिसतो."

मला सुरुवातीला हा पोरखेळ वाटला होता. पण भांडगावचं एक जोडपं आठवतं. दोघंही पन्नाशीची, वीस एकर बागायत, घरात सून आलेली, आणि बाई म्हणत होती मला वेगळं राहायचंय. नवऱ्यानं तिच्या त्रासाचे दोन लिहिले.

"दोन कसले?" सिस्टरांनी विचारलं.

"आता काय सांगावं. एक गुडघा दुखतो तिचा. दुसरं म्हंजी तिचा सोभावच तसा हाय. बाकी काय कमी हाय? टीव्ही हाय, गॅस हाय."

सिस्टरांनी तिची चिठ्ठी उलटी करून त्याच्यापुढे ठेवली. आठ. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला, वीजबिल चुकून जास्त आल्यावर बघतात तसा. मग सिस्टरांना विचारलं, "कशाचे आठ?"

"मला काय विचारता आप्पा? जिनं लिवलं ती शेजारी बसलीय."

तो बायकोकडे वळला. "कशाचे गं?"

ती म्हणाली, "बत्तीस वर्सांनी इचारताय व्हय." आणि रडायला लागली. मी त्यांची पुढची तारीख लिहून ठेवली होती. ते आले नाहीत. पुढच्या वर्षी डाळिंबाची पेटी घेऊन आले.

आणखी एक तरुण जोडपं होतं, त्यांनी दोन खोल्यांतून एकमेकांना फोनवर मेसेज करून आकडे जुळवले. मी ते बघितलं आणि सिस्टरांना सांगितलं. मला वाटलं त्या रागावतील. त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. "अगं, सहा म्हैने बोलत नव्हती ती दोघं. मला फसवायला का हुईना, बोलली की. बंद कर फाईल."

असं चालायचं. सगळ्यांचं जमत होतं असं नाही. पण पुष्कळांचं जमायचं, आणि त्यामुळे सिस्टरांचा त्या चिठ्ठ्यांवर विश्वास बसला होता. थर्मामीटरवर बसतो तसा. चारही चिठ्ठ्या जुळलेलं जोडपं मात्र त्यांनी कधी बघितलं नव्हतं. "मरायच्या आधी एकदा बघायचंय," असं म्हणायच्या.

एका शुक्रवारी शिरूरला त्यांनी ते बघितलं.

रूपाली खुटबावची. बारावी होऊन एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगला लागली होती. प्रशांत तिथं सुपरवायझर, शिरूरजवळचा, घरची चांगली शेती. लग्न प्रेमाचं, दोन्ही घरांनी कुरकुर करत मान्य केलेलं. चार वर्षांची मुलगी, परी. रूपाली मुलीला घेऊन माहेरी निघून आली होती आणि का, ते धड सांगत नव्हती. मारतो का? नाही. पितो का? नाही. दुसरी कोण आहे का? नाही. तिच्या आईनंच प्रशांतला फोन केला होता की केंद्रात या, मिटवून टाका.

प्रशांत वेळेवर आला. इस्त्रीचा शर्ट, पाया पडला, मला "ताई, पंख्याखाली बसा ना, तुम्हाला घाम आलाय" म्हणाला. सिस्टर त्याला घेऊन आत गेल्या. दार नेहमीप्रमाणे अर्धवट लोटलेलं होतं. त्यांचं लग्न कसं ठरलं ते त्यानं सांगितलं. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये त्याच्या लक्षात आलं की ही नवीन मुलगी रोज डबा उघडत नाही, तसाच परत नेते. तिला कुणी बघत असलं की घास उतरत नाही, हे त्यानं ओळखलं. कुणाला न सांगता त्यानं खोक्यांच्या थप्पीमागे तिच्यासाठी एक स्टूल ठेवलं. तिथं ती जेवायला लागली. "तवापासून," तो म्हणाला.

मलासुद्धा ते आवडलं होतं. खोटं कशाला सांगू.

सिस्टरांनी विचारलं, तिला कशानं त्रास होतो? तो थांबला नाही. बंद दाराची तिला भीती आहे, लहानपणी कोंडली गेली होती. मोठ्या आवाजापेक्षा अबोला जास्त लागतो. परीला कुणी काही बोललं की हिच्या पोटात दुखतं, खरोखरच दुखतं. शनिवारी रात्री झोप लागत नाही. एवढं माझ्या नवऱ्याला माझ्याबद्दल माहीत नाही, आणि आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली.

मधल्या वेळात बाहेरच्या खोलीत मी रूपालीला चिठ्ठी आणि पेन दिलं. तिनं पेन धरलं आणि मला हळूच विचारलं, "ह्यांनी किती लिवलंय?"

"ते सांगायचं नसतं. तुमचा लिहा."

"न्हाई, म्हंजी त्यांनी कमी लिवलं आन् माझं जास्त झालं तर?"

"काही होत नाही," मी म्हणाले. दुसऱ्या जोडप्याला पत्र लिहायचं होतं, माझं लक्ष तिकडे होतं. "लिहा पटकन."

तिनं नऊ लिहिले. प्रशांतनंही नऊ लिहिले होते. त्याचा स्वतःचा त्रास तीन, आणि तिचा अंदाजही तीन. सिस्टरांनी चार चिठ्ठ्या मांडल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. तेहतीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या बाईचे. दोघांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ज्याला दुसऱ्याचं दुखणं एवढं कळतं, त्याच्यापाशी माणूस बरं हुतं, पोरी. जा घरी."

रूपालीनं चपला घातल्या. सिस्टरांनी अहवालात चारही आकडे नोंदवले आणि खाली लिहिलं: पतीला पत्नीच्या त्रासाची पूर्ण व अचूक जाणीव आहे, समेट योग्य. केंद्राचा कागद पक्षकाराला द्यायचा नसतो, हा नियम त्यांनी मला दहा वेळा शिकवला होता. प्रशांतनं नम्रपणे प्रत मागितली, "जपून ठेवीन, सिस्टर," म्हणाला, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं झेरॉक्स काढून दिली. परतीच्या एसटीत दौंडपर्यंत गुणगुणत होत्या.

चार महिन्यांनी रूपाली दौंडला आली. एकटी. वजन निम्मं झालेलं. सिस्टरांनी सवयीनं हात धरला, आणि नाडी बघताना त्यांचा चेहरा बदलला. रूपालीनं बसल्या बसल्या सांगितलं, आवाज न चढवता.

"त्यांनी हात कवाच उगारला न्हाई, सिस्टर. त्यांना सगळं ठावं हाय ना. मला बंद दाराचं भ्या वाटतं, म्हनून बाहेरून कडी घालत्यात. पाच मिन्टं, धा मिन्टं. मी वरडाय लागायच्या आदी काडत्यात. बरोबर कळतं त्यांना. जेवाय बसले की सासू, दीर, सगळ्यांना म्होरं बसवत्यात. म्हनत्यात, हिला प्रेमानं जेवू घाला, बारीक झालीय. मी खात न्हाई तवर कुनी हलत न्हाई. शनवारी राती बोलायचं बंद करत्यात, ऐतवारी राती चालू करत्यात. आन् कुनी इचारलं तर हसून सांगत्यात, मला तिचं सगळं कळतं."



"तुमी इचारलं हुतं ना, किती? त्यांनी नऊ लिवलं. नऊच देत्यात. धा झालं तर मी मरन, हेबी त्यांना ठावं हाय."

मी टेबलावरून उठून पाणी आणायला गेले. तेवढंच मला करता येण्यासारखं होतं.

"परी कुठंय?" सिस्टरांनी विचारलं.

"तिकडंच. मला एकटीलाच जायाचं तर जा म्हनले."

त्याच आठवड्यात सिस्टरांनी वकील गाठून दिला. रूपालीनं केस घातली, मुख्य मागणी एकच: मुलगी मला द्या. अंगावर वळ नाही, शेजाऱ्यांची तक्रार नाही, दारूचा वास नाही. सिस्टर साक्षीला उभ्या राहिल्या, कारण सांगणार दुसरं कुणी नव्हतं. प्रशांतच्या वकिलांनी उलटतपासात ती झेरॉक्स काढली.

"हे अक्षर तुमचं?"

"माझं."

"नऊ आणि नऊ म्हणजे काय, जरा समजावून सांगा."

"म्हंजे तिला किती दुखतं ते ह्याला बरोबर कळतं."

"पूर्ण आणि अचूक जाणीव आहे, असं तुम्ही लिहिलंय."

"लिवलंय. पण जाणीव हाय म्हणूनच तर तो..."

"जाणीव आहे की नाही, एवढंच सांगा."

सिस्टरांनी एकदा रूपालीकडे बघितलं. "हाय," त्या म्हणाल्या.

निकाल लागायला वेळ होता. तोपर्यंत मुलगी जिथं आहे तिथं, वडिलांकडे, आणि आईनं एक रविवार आड शिरूरच्या बागेत अकरा ते बारा भेटायचं, केंद्रातली एक बाई हजर पाहिजे, एवढं ठरलं. कोर्टाच्या बाहेर सिस्टर रूपालीला म्हणाल्या, "माझ्यामुळं झालं हे." रूपालीनंच त्यांना धरून पायऱ्या उतरवल्या. "तुमी काय करनार, सिस्टर. कंपनीत मलाबी तसंच वाटलं हुतं."

त्यानंतर सिस्टरांनी कॅलेंडर कापलं नाही. जोडपी येत, त्या त्यांना समोर बसवत आणि नुसत्या बसून राहत. एकदा मला आत बोलावून विचारलं, "मंगल, आता ह्यांना काय इचारू गं?" मी म्हटलं, नाव-गाव विचारा, बाकी मी बघते. असली उत्तरं मला सुचतात. त्याचा उपयोग नसतो.

त्यांच्या घरीही मी एकदा त्या दिवसांत गेले होते, सह्या घ्यायला. त्यांचे यजमान मालगाडीचे गार्ड होते, सगळा जन्म गाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं काढलेला, घरातही कमी बोलणारा माणूस. बाबासाहेबांच्या फोटोखाली खुर्ची टाकून पेपर वाचत होते. सिस्टरांनी माझ्यादेखत त्यांना विचारलं. जन्मात पहिल्यांदा, असं नंतर म्हणाल्या. "अहो, मला किती तरास हुतोय सध्या? दहापैकी सांगा."

गार्डनी पेपर खाली केला. पुष्कळ विचार केला. "मला न्हाई बा सांगता येत," म्हणाले. "च्या करू का?" आणि उठून चहा करून आणला, तिघांना, प्रत्येकात दोन-दोन चमचे साखर घालून.

"मधुमेह हाय मला," सिस्टर म्हणाल्या. "पंधरा वर्सं."

"अरे हां," गार्ड म्हणाले.

सिस्टरांनी तो चहा सगळा प्यायला. बशीसुद्धा पुसून घेतली त्यांनी.

रविवारच्या भेटींना त्या कधी चुकल्या नाहीत. दौंडहून सकाळची बस, चौफुल्याला खुटबावहून आलेली रूपाली, तिथून पुढे न्हावऱ्यावरून शिरूर. मी एकदाच सोबत गेले होते, फेब्रुवारीत, कोर्टासाठी नोंदवही दाखवायची होती म्हणून. सिस्टरांना मी शेवटचं नीट बघितलं ते तिथं.

बागेत घसरगुंडीजवळ सिमेंटचा बाक आहे. रूपालीनं डबा आणला होता, परीला आवडतात म्हणून गुळाच्या पोळ्या. परी म्हणाली, "मम्मी, तू पण खा." समोर फाटकाशी प्रशांत मोटरसायकलला टेकून उभा होता. काही करत नव्हता, बघत होता. आदेशात बघायला बंदी नव्हती. रूपालीनं तुकडा मोडला आणि हात तोंडापाशी नेऊन खाली घेतला. दुसऱ्यांदाही तसंच.

सिस्टर बाकावरून उठल्या. गुडघे धरत चार पावलं पुढे गेल्या आणि बाक आणि फाटक यांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. रूपालीकडे पाठ, त्याच्याकडे तोंड. पदर उलगडून दोन्ही हातांनी खांद्यावर ताणून धरला. प्रशांत दोन पावलं डावीकडे सरकला, सिस्टर दोन पावलं डावीकडे सरकल्या. तो उजवीकडे आला, त्याही आल्या. तो हसला. त्या हसल्या नाहीत. बागेतली पोरं बघायला लागली, ही म्हातारी काय खेळतीय म्हणून. मागे रूपाली आणि परी जेवत होत्या. मी घड्याळ लावून बघितलं, चाळीस मिनिटं सिस्टर तशा उभ्या होत्या. एकदाही मागे वळून बघितलं नाही, ती खातेय का ते.

परत येताना बसमध्ये त्या दोन्ही खांदे चोळत होत्या. मी म्हटलं, "पुढच्या वेळी छत्री आणा." "व्हय," म्हणाल्या, आणि छातीवर हात ठेवून झोपल्या. मला वाटलं दमल्या.

मार्चमध्ये गेल्या. आठवडाभर छातीत दुखत होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. जलदानविधीच्या दिवशी गार्डनी मला बाजूला घेतलं. "मंगल, तुला काय बोलली हुती का? किती दुखतंय म्हणून? मला काय कळलंच न्हाई."

"नाही," मी म्हणाले. "मलाही नाही."

ते मान हलवत राहिले.

तर शनिवारी कपाट रिकामं केलं. चिठ्ठ्यांच्या जुड्यांवर नावं होती, म्हणून सगळ्या फाडून पोत्यात भरल्या. चार तास लागले. रूपालीची जुडी कोर्टात आहे, ती नव्हती. बूट आणि यंत्र गार्डकडे पोचवलं. गूळ मुंग्यांनी धरला होता, टाकून दिला. कपाट पुसलं, नव्या बाईंसाठी आत वर्तमानपत्र अंथरलं. भेटीसाठी केंद्रातर्फे कोण जाणार, हा नोंदवहीतला रकाना महिनाभर रिकामा होता आणि त्यामुळे दोन रविवार भेट झालीच नव्हती. त्यात माझं नाव लिहिलं आणि घरी गेले.

रविवारी सकाळची बस धरली. चौफुल्याला रूपाली चढली. मांडीवर डबा होता. केसची पुढची तारीख जूनमधली आहे, एवढं तिनं सांगितलं. "परी तवर शाळंत जाईल," म्हणाली. अकराला बागेत पोचलो. ऊन कडक होतं. परी पळत आली, प्रशांत फाटकाशी थांबला. रूपालीनं बाकावर डबा उघडला आणि माझ्याकडे बघितलं.

मी उठून मधे जाऊन उभी राहिले. मी सिस्टरांच्या निम्मीसुद्धा नाही. पदर ताणून धरला तरी आडोसा थोडकाच होतो. प्रशांत मला बघून चार पावलं जवळ आला. आवाज अगदी मऊ.

"ताई, उन्हात नका उभ्या राहू. तुमचं डोकं दुखतंय ना? डाव्या बाजूचं?"

दुखत होतं. बस न्हावऱ्याला आली तेव्हापासून, आणि डाव्याच बाजूचं. मी कुणाला बोलले नव्हते.

"तिकडं सावली आहे," तो म्हणाला. "बसा. मी कुठं जातोय?"

मागे परी आईला काहीतरी भरवत होती, खा खा म्हणत होती. मी पदर आणखी थोडा वर धरला आणि बारा वाजेपर्यंत तिथून हलले नाही.